रिकाम्या हातानं येणारं गिऱ्हाईक

पूर्वी ज्याचा डेटा गेला तो माणूस काहीतरी उचलून आणायचा. कुणी अख्खा सीपीयू चादरीत गुंडाळून स्कूटरवर पुढ्यात घेऊन यायचा, कुणी नुसती हार्ड डिस्क रुमालात बांधून. ती वस्तू काउंटरवर ठेवली की त्याचा चेहरा जरा सैल व्हायचा. आता त्यानं करायचं ते करून झालेलं असायचं, पुढचं माझ्या अंगावर. हल्ली येतो तो रिकाम्या हातानं येतो. फार तर मोबाइल पुढं करतो आणि म्हणतो, "दादा, पासवर्ड चुकीचा म्हणतंय." त्याचं जे काही हरवलंय ते माझ्या टेबलावर येतच नाही. खोलून बघायला, कान लावून ऐकायला तिथं काही नसतं.

सांगलीत संगणक दुरुस्तीचं दुकान मी नव्वदच्या दशकाच्या शेवटी थाटलं. "फायली घरच्या कॉम्प्युटरवर ठेवू की क्लाउडवर?" हा प्रश्न तेव्हा कुणी विचारत नव्हतं. आज तो रोज कानावर येतो. विचारणारा आडत्या असो, निवृत्त मास्तर असोत की लग्नाचे फोटो काढणारा, त्याला एका शब्दात उत्तर हवं असतं. माझं उत्तर इतक्या वर्षांत बदलत गेलं. ते कशामुळं बदललं, एवढंच इथं सांगतो.

सुरुवातीची वर्षं फ्लॉपीची. १.४४ एमबीची फ्लॉपी, त्यावर पेनानं लिहिलेलं वर्ष, आणि ती ठेवायला निळसर प्लास्टिकचा डबा. हळदीच्या आणि बेदाण्याच्या पेढ्यांवर टॅली आलं होतं, पण दिवाणजींचा विश्वास अजून लाल वहीवरच होता. कॉम्प्युटरमध्ये टाकलेलं रात्री वहीत उतरवून ठेवणारे दिवाणजी मी पाहिले आहेत. आम्ही पोरं त्यांना हसायचो. पुढं विजेच्या भारनियमनात डिस्का पटापट जायला लागल्या आणि हसू आपोआप थांबलं. चालू कॉम्प्युटरची वीज खाडकन गेली, यूपीएसची बॅटरी आधीच मेलेली असली, की बॅड सेक्टर ठरलेले.

त्या काळातली एक तारीख आमच्या धंद्यातल्या जुन्या माणसांना पाठ असते. २६ एप्रिल १९९९. सीआयएच नावाचा व्हायरस, ज्याला लोक चेर्नोबिल म्हणायचे, त्या दिवशी जागा झाला. डिस्कच्या सुरुवातीचा भाग त्यानं पुसून टाकला आणि काही मदरबोर्डांची बायोस चिपही निकामी केली. कॉम्प्युटर सुरूच होईनात. तरी बऱ्याच लोकांचा डेटा परत मिळाला. कोणती फाइल डिस्कवर कुठं आहे, याच्या नोंदीची दुसरी प्रत डिस्कवर थोडी पुढं असते, आणि मोठ्या डिस्कवर व्हायरसचं पुसणं तिथवर पोचलेलं नसायचं. दुसरी प्रत जरा लांब होती म्हणून वाचली. तेव्हा मला ही केवळ तांत्रिक गंमत वाटली होती.

डिस्कचं एक बरं होतं. ती आजारी पडली की बोलायची. टक-टक आवाज आला की हेड गेलं. काहीच आवाज नसला तर सर्किटची पट्टी जळालेली असायची, आणि त्याच मॉडेलची दुसरी पट्टी बसवली की जुन्या डिस्का चक्क उठून बसायच्या. सगळ्याच नाही. पण गिऱ्हाइकाला समोर बसवून प्रयत्न करता यायचा. जमलं नाही तरी तो "तुम्ही केलंत तेवढं" म्हणून जायचा. दुरुस्तीच्या धंद्यात या वाक्याला पैशाइतकीच किंमत असते.

मग ऑगस्ट २०१९ आला.

कृष्णेचं पाणी आम्हाला नवं नाही. आयर्विन पुलावरच्या पट्टीचे आकडे सांगलीतली शाळकरी पोरंही सांगतात. ४५ फूट ही धोक्याची पातळी. २००५ चा पूर पाहिलेल्या लोकांनी त्या वेळच्या खुणा भिंतींवर ठेवलेल्या, आणि त्या खुणांच्या हिशोबानंच सामान वर चढवलं. कॉम्प्युटर टेबलावरून कपाटावर, कपाटावरून लाकडी माळ्यावर. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गणपती पेठ, हरभट रोड, मारुती रोड, गावभाग, सगळीकडं पाणी दिवसेंदिवस साचून राहिलं. ते ओसरल्यावर दुकानासमोर जी रांग लागली ती मी विसरणार नाही. प्रत्येकाच्या हातात चिखलानं भरलेला सीपीयू.

पाण्यात बुडालेल्या हार्ड डिस्कचं लोकांना कळत नाही ते एवढंच, की पाणी स्वतः तिचा फारसा घात करत नाही. बहुतेक डिस्कांना हवेसाठी एक बारीक भोक असतं, त्याला आत गाळणी असते. बराच काळ बुडाली की त्यातून पाणी शिरतं. खरा वैरी त्या पाण्यातला गाळ. तो वाळला की तबकडीवर थर धरतो, आणि हेड तर तबकडीपासून केसाच्या जाडीहूनही कितीतरी पटींनी कमी अंतरावरून फिरत असतं. म्हणून अशी डिस्क वाळवायची नसते, चालू तर मुळीच करायची नसते. ओलीच पिशवीत घालून क्लीन रूम असलेल्या प्रयोगशाळेत पाठवायची. पण माझ्याकडं येईपर्यंत बहुतेकांनी ती उन्हात ठेवली होती, केस वाळवायच्या यंत्रानं फुंकली होती, तांदळाच्या डब्यात घातली होती आणि मग "बघू तरी" म्हणून प्लगही लावला होता. त्यांना काय बोलणार? घरातलं धान्य, गाद्या, फ्रिज रस्त्यावर आलेले. त्यात माणूस पोराच्या बारशाचे फोटो वाचतात का बघत होता.

एका पेढीचा किस्सा सांगतो. मालक शिस्तीचे. रोज संध्याकाळी टॅलीचा बॅकअप पेन ड्राइव्हवर निघायचाच. एक दिवस चुकलेला नाही. पेन ड्राइव्ह कुठं? कॉम्प्युटर टेबलाच्या खणात. दोन्ही एकाच पाण्यात गेले. त्याच गल्लीत एक गबाळं ऑफिस होतं, तिथं बॅकअप हा शब्दच नव्हता. पण तिथल्या पोराला कर सल्लागाराकडं महिन्याच्या महिन्याला फाइल ईमेलनं पाठवायची सवय होती. ईमेलमध्ये पडून राहिलेल्या त्या जोडफायलींवरून त्याचं जवळजवळ सगळं वर्ष उभं राहिलं. शिस्तीचा माणूस बुडाला, गबाळा तरला. शिस्त कामाला आली नाही, असं मी म्हणणार नाही. ती चुकीच्या जागी होती.

त्या दिवाळीपर्यंत मी क्लाउडचा प्रचारकच झालो होतो. लोकही तयार होते. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आल्यापासून इंटरनेट हातात खेळत होतं. त्याआधीचे दिवस आठवून बघा. ब्रॉडबँडच्या स्वस्त प्लॅनला महिन्याला काहीशे एमबीची मर्यादा, म्हणून रात्री दोन ते सकाळी आठ या मोफत वेळेत डाउनलोड लावून झोपायचं. त्यात वर पाठवण्याचा वेग खाली येण्याच्या वेगापेक्षा कितीतरी कमी. ५१२ केबीपीएसनं एक डीव्हीडीभर डेटा चढवायला वीस तास लागत, तेही लाइन न तुटता. अशा लाइनवर क्लाउडचं बोलणंच हास्यास्पद होतं. २०१९ मध्ये तसं राहिलं नव्हतं. गूगलवर १५ जीबी फुकट, फोटो त्या वेळी जरा दाबून घेतले तर कितीही फुकट. मी माझ्या हातानं कितीतरी घरांत सगळं क्लाउडवर चढवून दिलं. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा गावात शिरलं तेव्हा यातल्या कुणाचा फोटोसुद्धा गेला नाही. तोवर मला वाटत होतं, प्रश्न सुटला.

रिकाम्या हाताची गिऱ्हाइकं त्याच सुमाराला यायला लागली.

एक काकू आल्या. यजमान वारलेले. मुलगा अमेरिकेत, त्यानंच बाबांना अकाउंट काढून दिलं होतं आणि सगळे जुने फोटो स्कॅन करून त्यात चढवले होते. कागदाचे मूळ फोटो पुरात गेले. आता अकाउंट उघडत नव्हतं. पासवर्ड फक्त बाबांना ठाऊक. तो बदलायचा तर बाबांच्या नंबरवर ओटीपी जाणार, आणि तो नंबर रिचार्ज न केल्यामुळं बंद पडून एव्हाना दुसऱ्याच कुणाला मिळालेला. काकूंनी मला विचारलं, "फोटो तिथं आहेत ना?" आहेत. "मग ते आमचेच ना?" याला मी काय उत्तर देणार? माझ्या टेबलावर चिखलात बुडालेली डिस्क असती तर निदान प्रयत्न केला असता. इथं डेटा ठणठणीत होता. त्याला काही झालेलंच नव्हतं. मुलानं कंपनीच्या फॉर्मवर मृत्यूचा दाखला, नात्याचे पुरावे असं सगळं भरलं. पुढचं कंपनीच्या मर्जीवर. मयत माणसाच्या खात्याचं काय करायचं हे जिवंतपणीच नेमून ठेवायची सोय गूगलमध्ये २०१३ पासून आहे, पण ती लावून ठेवलेलं घर मला अजून क्वचितच भेटतं. विषय काढला की लोक म्हणतात, "शुभ बोला हो." आणि दोन वर्षं कुणी फिरकलंच नाही तर असं वैयक्तिक खातं पुसलं जाऊ शकतं, हा नियम तर २०२३ पासून लागू आहे.

दुसरा प्रकार पोरांचा. कॉलेजातली एक मुलगी प्रोजेक्टचा बॅकअप म्हणून कॉम्प्युटरवरचं गूगल ड्राइव्हचं अख्खं फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करून ठेवायची. शहाणी मुलगी. परीक्षेच्या तोंडावर तिचं कॉलेजचं अकाउंट बंद झालं, तेव्हा तिनं पेन ड्राइव्ह लावला. फायलींची नावं सगळी होती, उघडत एकही नव्हती. गूगल डॉक्सची जी फाइल आपल्याला कॉम्प्युटरच्या फोल्डरमध्ये दिसते ती मुळात फाइल नसतेच, तो फक्त पत्ता असतो. लेख तिकडं सर्व्हरवर, आपल्याकडं एक-दोन केबीची चिठ्ठी. चिठ्ठ्यांचा बॅकअप तिनं वर्षभर इमानानं घेतला होता. वर्डच्या किंवा पीडीएफच्या रूपात उतरवून घेतलं असतं तरच खरा लेख हाती आला असता, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि पडद्यावर तर दोन्ही सारखंच दिसतं.

तिसरा प्रकार सर्वांत जास्त दिसतो. नवा लॅपटॉप घेतला की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डरं आपोआप क्लाउडला जोडली जातात. फुकटची जागा भरते, लाल रंगात इशारे यायला लागतात. माणूस वेबसाइटवर जाऊन म्हणतो, इथलं पुसू, लॅपटॉपवर तर आहेच. पुसतो. थोड्या वेळानं लॅपटॉपवरूनही गेलेलं असतं. सिंक म्हणजे दोन्ही जागा सारख्या ठेवणं. एकीकडं खोडलं की दुसरीकडं खोडलं जाणार, हेच तिचं काम. तिला बॅकअप म्हणणं ही आपली चूक. कचरापेटीत ते साधारण महिनाभर असतं, म्हणून यातली बरीच गिऱ्हाइकं हसत घरी जातात. महिन्यानंतर येणारी नाही.

गावभागातल्या एका निवृत्त मास्तरांनी मला वेगळंच शिकवलं. गावाच्या इतिहासावर वीस वर्षं लिहीत आलेले. सगळं लेखन श्रीलिपी या मराठी टंकनाच्या सॉफ्टवेअरमध्ये, त्याचं डोंगल लावून केलेलं. क्लाउडवर चढवून दिल्यावर त्यांनी घरी मोबाइलवर फाइल उघडली आणि पडदाभर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसला. सर घाबरून दुकानात आले. फाइल अगदी शाबूत होती. जुन्या मराठी फॉन्टमध्ये अक्षराचा संकेत आणि दिसणारं अक्षर यांचा मेळ त्या त्या कंपनीनं आपल्या मनानं घातलेला असायचा. तो फॉन्ट समोर नसेल तर मराठी उरतच नाही. क्लाउडनं एक-एक बाइट जपला होता. पण वाचायला त्यांच्या माळ्यावरचा विंडोज एक्सपीचा जुना डबा, समांतर पोर्टात बसणारं ते डोंगल आणि तो फॉन्ट, एवढं सगळं जिवंत हवं होतं. आम्ही मग ते सगळं युनिकोडमध्ये आणलं. जोडाक्षरं आणि रफार तपासत सर रोज दुपारी बसायचे. महाराष्ट्रातल्या छापखान्यांत, शाळांत, साप्ताहिकांच्या कचेऱ्यांत असा किती मजकूर पडला असेल याचा विचार करवत नाही. तो क्लाउडवर टाकून झाल्यावर लोक निश्चिंत होतील, याची मला जास्त धास्ती आहे.

आता खर्चाचं. लग्नाचे फोटो-व्हिडिओ करणारा माझा एक गिऱ्हाईक मित्र आहे. एका लग्नाचा माल सहज ३०० जीबी होतो. २० एमबीपीएसनं तो वर पाठवायला साधारण तेहेतीस तास, आणि तुळशीच्या लग्नानंतर आठवड्याला तीन-तीन लग्नं. फायबर आल्यापासून हे तास कमी झाले, पण भाडं कमी झालं नाही. २ टीबीची बाहेरून जोडायची हार्ड डिस्क पाच-सहा हजारांत मिळायची, आणि घेतली की ती आपली. तेवढ्याच जागेचं क्लाउडभाडं एका वर्षाला त्याहून जास्त पडायचं, आणि ते दर वर्षी. गूगलची फुकट अमर्याद फोटोंची सोय १ जून २०२१ ला बंद झाली, तेव्हा मी ज्यांना ज्यांना चढवून दिलं होतं त्यातले बरेच जण पुन्हा दुकानात आले. आधीचे फोटो राहणार होते, नवे जागा खाणार होते. "तुम्हीच म्हणालात फुकट आहे." मी म्हणालो होतो. तेव्हा होतंच.

उलट बाजूही पाहिली आहे. पायरेटेड सॉफ्टवेअरबरोबर आलेल्या रॅन्समवेअरनं एका डीटीपीवाल्याच्या सगळ्या फायली कुलूपबंद केल्या. कॉम्प्युटरला कायम जोडून ठेवलेली बॅकअपची हार्ड डिस्कही त्यात गेली, कारण व्हायरसला ती दुसरी एक ड्राइव्हच दिसते. त्याचं काही काम क्लाउडवर होतं. तिथं फायलींच्या जुन्या आवृत्त्या साठवून ठेवतात, त्यातून तेवढं परत आणता आलं. त्याला वाचवलं ते क्लाउडनं, हे मला कबूलच आहे.

लोकांना वाटतं, कंपनीच्या घरी सगळं सुरक्षित. कंपनीचंही घर असतं. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरची एक इमारत जळाली. काही गिऱ्हाइकांचा बॅकअप त्याच आवारात होता, तोही गेला. मला त्या पेढीच्या टेबलाचा खण आठवला. आणि जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टनं नायरा एनर्जी या आपल्याकडच्या तेलशुद्धीकरण कंपनीच्या सेवा थांबवल्या. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि मग सेवा सुरू झाल्या. एवढ्या मोठ्या कंपनीला कोर्टात जाता आलं. आमच्या काकूंच्या हाती फक्त फॉर्म होता.

त्यामुळं आता मला कुणी "घरी की क्लाउडवर?" विचारलं की मी उलट विचारतो: तुमच्या दोन प्रती एकाच कारणानं मरतील का? पूर आला तर दोन्ही जातील का? नंबर बंद पडला तर? एक चुकीचं बटण दाबलं तर? छायाचित्रकारांच्या जगात तीन प्रती, दोन प्रकारची साधनं, एक प्रत बाहेरगावी असा ठोकताळा पीटर क्रॉघ नावाच्या अमेरिकन छायाचित्रकारानं रूढ केला. मी त्यात आमच्या गावापुरती भर घालतो. रोजचं काम घरच्या मशीनवर करा, ते तुमच्या हातातलं आहे आणि नेट गेलं म्हणून थांबत नाही. एक प्रत क्लाउडवर. एक डिस्क, काम झालं की सोडवलेली, बाहेरगावच्या पाहुण्यांकडं किंवा पुण्याच्या लेकीकडं. तिकडं पाणी चढत नाही असं नाही, पण त्याच दिवशी चढणार नाही. अकाउंट सोडवायचे कोड कागदावर उतरवून घरातल्या दुसऱ्या माणसाला दाखवून ठेवायचे. एका आडत्यानं तो कागद तिजोरीत ठेवला, तिजोरी तळमजल्यावर. मी त्यांना फक्त आयर्विनचा आकडा आठवून दिला. दुसऱ्या दिवशी कागद वर गेला.

शेवटचं एक काम मी मार्चअखेरीनंतर करतो, ते कुणाला आवडत नाही. गिऱ्हाइकाच्या तिन्ही प्रतींतून मी कुठलीही एक जुनी फाइल निवडतो आणि दुसऱ्याच कॉम्प्युटरवर ती उघडून दाखव म्हणतो. मी नाही उघडायची, त्यानंच, किंवा घरात ज्याला यातलं काहीच कळत नाही त्यानं. निम्म्या ठिकाणी पहिल्या खेपेला काहीतरी अडतं. कुणाला डिस्क कुठल्या पाहुण्यांकडं आहे ते आठवत नाही, कुणाचा ओटीपी मुलाच्या नंबरवर जातो आणि मुलगा बंगळुरात मीटिंगमध्ये असतो. ते तेव्हाच नीट करून घेतो. याचे मी दोनशे रुपये घेतो. आडते हळदीच्या पोत्याला रुपया कमी करतील, पण इथं घासाघीस करतात: "काही बिघडलंच नाही, मग पैसे कसले?" मी पावती फाडतो, तिच्यावर तपासणी असं लिहितो आणि पुढच्या एप्रिलची तारीख टाकून देतो.